नैरोबी की लेस्टर?

विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरात ज्यांचे अर्धे आयुष्य गेले, अशा एका कुटुंबात गेल्या दिवाळीपासून एकच विषय चर्चेत आहे. घरातील ज्येष्ठ स्त्री, ज्यांना मुलगा, सून, नातवंडे आणि शेजारीही ‘बा’ म्हणतात, त्या आता ७१ वर्षांच्या आहेत. त्यांची धाकटी बहीण १९७६ साली लग्न होऊन नैरोबीला गेली. दोघींची शेवटची भेट २०१४ च्या हिवाळ्यात विक्रोळीतच झाली. त्यानंतर फोनच्या पडद्यावर रोज गाठ पडते, पण ती गाठ म्हणजे भेट नव्हे, असे बांचे स्पष्ट मत आहे.

धाकटीने या वेळी मुंबईला यावे, असे प्रथम ठरत होते. परंतु कन्नमवार नगरातील त्यांची इमारत पुनर्विकासासाठी पाडली गेली आहे. कुटुंब सध्या स्टेशनच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नसलेल्या इमारतीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. धाकटीला गुडघ्यांमुळे जिने चढता येत नाहीत. नवे घर मिळेपर्यंत थांबावे, तर ते केव्हा मिळेल हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही, आणि सत्तरी उलटलेल्या माणसाने वर्षे मोजून थांबणे शहाणपणाचेही नाही. तेव्हा बांनीच जावे, असे ठरले.

कुठे जावे, हा प्रश्न मात्र सुटेना. धाकटीचा मुलगा इंग्लंडातील लेस्टर शहरात स्थायिक झाला आहे. ती ऑक्टोबर ते मे नैरोबीत आपल्या घरी राहते आणि जून लागला की मुलाकडे लेस्टरला जाते. पर्युषण तिथेच करून मग परतते. म्हणजे एकच व्यक्ती, एकच भेट, आणि शहरे दोन. बांच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने शंभर पानी वही घेतली, मधोमध उभी रेघ मारली आणि डावीकडे नैरोबी, उजवीकडे लेस्टर असे लिहिले.

ही दोन नावे एका घरात अशी शेजारी येणे हा योगायोग नाही. मोंबासाहून आत जाणारा लोहमार्ग १८९६ साली सुरू झाला आणि १८९९ मध्ये ३२७ व्या मैलावर, दलदलीच्या माळावर, रेल्वेने आपला तळ टाकला. तेच पुढे नैरोबी झाले. मसाई भाषेतील मूळ नावाचा अर्थ ‘थंड पाणी’ असा आहे. रूळ टाकणारे हिंदी मजूर बहुतांशी पंजाबातील होते. दुकाने थाटणारे पुष्कळसे गुजरातमधील, आणि त्यांत जामनगरच्या आसपासच्या हालार प्रदेशातील विसा ओशवाल शेतकरी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. दुष्काळाने गांजलेली ही माणसे गलबतातून समुद्रापार गेली आणि दोन पिढ्यांत व्यापारी झाली. पुढे केनिया स्वतंत्र झाल्यावर नागरिकत्वाचा प्रश्न आला. ब्रिटिश पारपत्र असलेल्या हजारो आशियाई कुटुंबांनी १९६८ च्या आरंभी घाईघाईने इंग्लंड गाठले, कारण तेथील सरकार दार लावण्याच्या बेतात होते, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नव्या कायद्याने ते लावलेही. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाईंना नव्वद दिवसांची मुदत दिली. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असे कळवले होते. लोक आले. ज्या बेलग्रेव्ह रोडवर आज दिवाळीची रोषणाई पाहायला दूरदूरचे इंग्रज येतात, तो या आलेल्यांनीच उभा केला. धाकटीचे कुटुंब मात्र नैरोबीतच राहिले. १ ऑगस्ट १९८२ रोजी तेथे लष्करी उठावाचा फसलेला प्रयत्न झाला, आशियाईंची दुकाने लुटली गेली, आणि त्यानंतर मुलाला शिकायला इंग्लंडला पाठवायचे, हे त्या घरात ठरून गेले.

आता वहीकडे वळू. पहिल्या पानावर तिकीट. मुंबईहून नैरोबीचे थेट विमान सहा तासांच्या आसपास पोहोचवते. फेब्रुवारीसाठी जाऊन-येऊन चाळीस हजार रुपयांच्या जवळपास पडतील, असे विचारपूस केल्यावर कळले. लंडनचा प्रवास साडेनऊ-दहा तासांचा, आणि जूनमध्ये तिकीट सत्तर ते ऐंशी हजार. विमानभाडी दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे हे आकडे कोणी शिलालेख मानू नयेत. परंतु नैरोबीच्या दुप्पट लंडन, हे प्रमाण बहुधा टिकते. हीथ्रो विमानतळापासून लेस्टर सुमारे १६५ किलोमीटर दूर आहे. भाचा गाडी घेऊन येणार असल्याने तो खर्च वाचतो. ज्यांचा भाचा येणार नाही त्यांनी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून रेल्वे धरावी. ती सव्वा तासात पोहोचवते, पण तिकीट आयत्या वेळी काढले तर डोळे पांढरे होतात.

दुसऱ्या पानावर प्रवेश-परवाना. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा रद्द करून त्याऐवजी आगाऊ इलेक्ट्रॉनिक परवानगी सुरू केली आहे. शुल्क ३० डॉलरच्या आसपास, आणि अर्ज घरबसल्या. इंग्लंडच्या सहा महिन्यांच्या पाहुणा-व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाले होते. रुपयांत ते पंधरा हजारांच्या घरात जात होते. बोटांचे ठसे द्यायला जावे लागते ते वेगळेच.

तिसऱ्या पानावर आजारपण. इंग्लंडातील सरकारी रुग्णालये तेथील रहिवाशांना मोफत असली, तरी पाहुण्याला दाखल करावे लागले तर प्रमाणित दराच्या दीडपट बिल आकारतात. म्हणून एकाहत्तर वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या प्रवाशाने विम्याशिवाय जाऊच नये, आणि तो घेताना जुना आजार लपवू नये. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी हमखास बाहेर येतो. विमा नैरोबीसाठीही घ्यायचाच, तो काहीसा स्वस्त पडतो.

हातखर्चाचे पान गमतीचे झाले. इंग्लंडात बसच्या एका फेरीचे कमाल भाडे ३ पौंड ठरवले आहे. ते लोकांना दिलासा म्हणून ठरवले आहे, आणि रुपयांत ते साडेतीनशे होतात. नैरोबीत मटाटू नावाच्या खाजगी छोट्या बसगाड्या पन्नास ते शंभर शिलिंग घेतात, म्हणजे पस्तीस ते सत्तर रुपये. बेस्टने मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचावरून दहा रुपये केले, तेव्हा बांनी आठवडाभर नाराजी व्यक्त केली होती. लेस्टरच्या बसचा आकडा नातवाने त्यांना अजून सांगितलेला नाही.

बेरीज झाली तेव्हा डाव्या रकान्यात पन्नास-पंचावन्न हजार आणि उजव्या रकान्यात लाखाच्या वर पंधरा-वीस हजार आले. विकासकाकडून भाड्यापोटी मिळणाऱ्या रकमेतून दरमहा बाजूला टाकलेले पैसे साठ हजार होते. वही मिटली. नैरोबी ठरली.

हवामानाचाही कौल प्रथम नैरोबीलाच मिळाला. हे शहर विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, सव्वा अंशावर आहे. त्यामुळे तिथे घामाच्या धारा लागत असतील, अशी बांच्या शेजारणींची समजूत होती. पण नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७९५ मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. कळसूबाईच्या माथ्याहून उंचावर चाळीस-पन्नास लाख माणसांचे शहर वसले आहे, अशी कल्पना केली की तेथील हवा समजते. फेब्रुवारीत, म्हणजे वर्षातील उष्ण दिवसांत, दुपारी २७-२८ अंश आणि पहाटे १३-१४. हवा कोरडी. रात्री पांघरूण लागते, पंखा लागत नाही. विक्रोळीत खाडीवरून येणाऱ्या दमट हवेत मे महिन्यात तासाला पदर ओला होतो. तिथून जाणाऱ्याला हे सुखच वाटेल.

पाऊस तिथे वर्षातून दोनदा येतो. मार्च ते मे लांबलचक, ऑक्टोबर ते डिसेंबर आखूड. एकूण नऊशे-हजार मिलिमीटरच्या आसपास. मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटतो, कारण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. पण किरकोळ समजून चालत नाही. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये नैरोबीच्या नदीकाठच्या वस्त्या पुराखाली गेल्या होत्या. म्हणून जायचे तर जानेवारी-फेब्रुवारीत. धाकटीने आणखी एक आमिष दाखवले. नैरोबीपासून दीडशे-एक किलोमीटरवर नाकुरू सरोवर आहे आणि त्यात छोट्या जातीचे रोहित पक्षी उतरतात. विक्रोळीच्या कांदळवनापलीकडे ठाणे खाडीत हिवाळ्यात जे गुलाबी थवे दिसतात, त्यांत याच जातीचे पक्षी अधिक असतात. या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत स्थानही. बांनी यावर एवढेच म्हटले की, जे इथे फुकट दिसते ते पाहायला तिथे कशाला जायचे.

लेस्टरची हवा जून-जुलैत ऐकायला अगदी नैरोबीसारखीच. दुपारचे तापमान २१-२२ अंश, रात्रीचे ११-१२. योगायोगाने नैरोबीचेही जुलैचे आकडे जवळजवळ हेच आहेत. फरक असा की, नैरोबीचा जुलै हा तिथला हिवाळा. आभाळ दिवसचे दिवस झाकलेले असते आणि घरे गरम ठेवण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे बावीस अंशांतही हाडे आखडतात. लेस्टरचा जुलै हा उन्हाळा. ऊन पडले की लोक बागेत जाऊन बसतात, आणि थंडी वाजली तर घर तापवण्याची यंत्रणा आहे. मात्र घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असल्याने खरी उष्णता आली की तिथे हाल होतात. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडात पहिल्यांदाच पारा चाळिशीपलीकडे गेला, तेव्हा छताला पंखा नसलेल्या खोल्यांत वृद्धांची अवस्था कठीण झाली होती. पाऊस तिथे बारमाही, भुरभुरता. वर्षभराची बेरीज सहा-साडेसहाशे मिलिमीटर. सांताक्रूझला एकट्या जुलैत याहून अधिक पडतो. छत्री रोज लागते आणि भिजायला कधीच होत नाही, असे तिथे राहिलेले सांगतात.

जैन घरातील प्रवाशाला तापमानाइतकाच सूर्य पाहावा लागतो. बांचा चौविहार गेली चाळीस वर्षे सुटलेला नाही. मुंबईत सूर्यास्त सहा ते सव्वासातच्या दरम्यान फिरतो, त्यामुळे संध्याकाळचे जेवण कधी साडेपाचला, कधी साडेसहाला, असा त्यांचा नेम आहे. नैरोबीत हे आणखी सोपे. विषुववृत्ताजवळ दिवस आणि रात्र वर्षभर सारखीच, त्यामुळे सूर्य कधीही सव्वासहा ते पावणेसातच्या आत मावळतो. लेस्टर ५२ अंश उत्तरेला. डिसेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य सकाळी सव्वाआठला उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. नवकारशी पाळून नऊनंतर दूध घ्यायचे आणि साडेतीनला दिवसाचे शेवटचे जेवण. नोकरी करणाऱ्याला हे किती अवघड जाते, ते तिथली जैन कुटुंबेच जाणतात. जूनमध्ये उलटा प्रकार. सूर्योदय पावणेपाचच्या सुमारास आणि सूर्यास्त साडेनऊनंतर. जेवणाची चिंताच नाही. चिंता झोपेची. संध्याकाळचे प्रतिक्रमण आटोपेपर्यंत सव्वादहा-साडेदहा होतात आणि पहाटेचे उजाडण्याआधी करायचे. मधे रात्र म्हणून उरते ती पाच-सहा तासांची. धाकटी दुपारी पडदे ओढून दोन तास झोपते. बांना दिवसा झोपायची सवय नाही.

इथवर प्रत्येक पानावर नैरोबीच पुढे होती. वही पुन्हा उघडावी लागली ती एका सुईमुळे.

केनिया हा पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथून भारतात परतणाऱ्याकडे त्या रोगावरील लसीचे प्रमाणपत्र असावे लागते. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. ती एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाते. विरोधाभास असा की, खुद्द नैरोबी शहरात या रोगाचा धोका अत्यल्प मानला जातो, आणि फक्त त्या शहरापुरते जाणाऱ्याला ही लस सर्वसाधारणपणे सुचवलीही जात नाही. पण परतीचा नियम देशाकडे पाहतो, शहराकडे नाही.

तरुण माणसाला ही बाब क्षुल्लक आहे. दंडावर एक टोचणी, फार तर दोन दिवस कणकण. साठीनंतर मात्र तशी राहत नाही. ही लस जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूची आहे, आणि साठ वर्षांवरील माणसाने ती आयुष्यात पहिल्यांदाच घेतली तर गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण, मुळात विरळ असले तरी, तरुणांपेक्षा वाढते. विक्रोळीतील ज्या डॉक्टरांकडे हे घर वर्षानुवर्षे जाते त्यांनी सारे कागद पाहिले आणि विचारले, “जाणे टळण्यासारखे नाही का?” बहीण दुसरीकडेही भेटू शकते असे कळल्यावर त्यांनी लस न घेण्याचा सल्ला दिला.

आणखी एक गोष्ट सुनेने औषधाच्या माहितीपत्रकात वाचली होती आणि दोन दिवस मनात ठेवली होती. ही लस कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यांत वाढवून तयार करतात. आयुष्यात अंडे ज्या घराच्या उंबऱ्याआत आले नाही, तिथे हे सांगावे की न सांगावे? औषध हे औषध असते, ते आहार नव्हे, असे मुलाचे म्हणणे. सांगितल्याशिवाय टोचून आणणे ही फसवणूक आहे, असे सुनेचे म्हणणे. डॉक्टरांचा सल्ला आलेला असल्याने वाद निरर्थक झाला होता, तरी सुनेने सांगितले. बा थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “जिवावर बेतले असते तर मी महाराजसाहेबांना विचारले असते. भेटीसाठी नाही घेणार.” सुनेने हे आधी सांगितले, याचेच त्यांना अधिक बरे वाटलेले दिसले.

डावा रकाना असा एकदम पुसला गेला, आणि उजवीकडचा लाखावरचा आकडा उरला. तो कमी करण्याची नातवाने खटपट केली आणि त्यात बऱ्यापैकी यश आले. भारतात शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या जूनच्या मध्यापर्यंत असतात, इंग्लंडात त्या जुलैच्या उत्तरार्धात लागतात. दोहोंच्या मधल्या चार आठवड्यांत भाडी जरा उतरतात. सोळा-सतरा जूनला निघून जुलैच्या मध्यास परतायचे, म्हणजे चातुर्मासही विक्रोळीतच. राहण्या-जेवण्याचा खर्च नाही. लोकरीचे कपडे नवे घ्यायचे नाहीत, धाकटीचे दोघींना पुरतील. तरीही पस्तीस-चाळीस हजारांची तूट राहिली. ती धाकटी भरणार होती. बांनी नकार दिला. बहिणीकडे जाताना बहिणीच्या पैशाने जायचे नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. शेवटी मुलाने नव्या घरातील फर्निचरसाठी ठेवलेल्या रकमेला हात घातला. घरच अजून नाही, तर कपाट कुठे ठेवणार, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड होता.

कागदपत्रांत एक विचित्र अडचण आली. बांच्या पारपत्रावर कन्नमवार नगरातील ज्या इमारतीचा पत्ता आहे ती इमारत आता जमिनीवर नाही, आणि ज्या घरात त्या राहतात ते त्यांचे नाही. व्हिसाच्या अर्जात तर पाहुणा परत येईल याची खात्री पटवायची असते. तेव्हा विकासकाशी झालेला नोंदणीकृत करार, भाडेकरार, बँकेची सहा महिन्यांची विवरणे आणि भाच्याचे निमंत्रणपत्र अशी चळत तयार झाली आहे. व्हायच्या घराचा करार हाच परत येण्याचा सर्वांत भक्कम पुरावा ठरावा, हे पाहून मुलाला हसू आले. प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी हा अर्ज करता येत नाही, आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे मार्चचा उत्तरार्ध.

लेस्टरमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या वास्तूत जैन केंद्र आहे. जुलै १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. दर्शनी भाग पांढऱ्या संगमरवराचा आहे, आणि आत श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर, गुरुमंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय एकाच छपराखाली आहेत. धाकटीच्या मुलाच्या घरापासून तिथे बसने जावे लागते. तीन पौंडांचा प्रश्न तेव्हा निघेलच.

दोघी बहिणींचे फोन आता सामानावर आले आहेत. घरचे तूप आणि पेढे न्यायचे बांच्या मनात होते. भारतातून दुधाचे पदार्थ इंग्लंडात नेता येत नाहीत, हे भाच्याने कळवले. मेथीचे खाखरे तुपाऐवजी तेलावर भाजायचे ठरले आहे. सुंठ, गंठोडा आणि पर्वतिथींचे एक पंचांग एवढे धाकटीने मागितले आहे. सूर्योदय-सूर्यास्ताचे कोष्टक आणू नकोस, ते मुंबईचे इथे चालत नाही, असेही तिने बजावले. सतरा जूनचे एक थेट विमान नातवाने पाहून ठेवले आहे. व्हिसा हाती आल्याशिवाय तिकीट काढायचे नाही, असे त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिले आहे.